खुलासा : व्हिएतनाम युद्ध टीव्हीने हरवले का?

‘वॉल्टर क्रॉन्काईट हा वृत्तनिवेदक टीव्हीवर एकदा बोलला आणि अमेरिकेचे जनमत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध फिरले’ हा मजकूर सध्या फिरतो आहे. किस्सा चटकदार आहे, पण तारखा जुळत नाहीत.

कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेल्या मोठ्या ‘टेट’ हल्ल्यानंतर सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर क्रॉन्काईटने युद्ध कोंडीत अडकल्याचे सांगितले, ते २७ फेब्रुवारी १९६८ रोजी. त्याआधीच, ऑक्टोबर १९६७ च्या गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत ४७ टक्के अमेरिकनांनी सैन्य पाठवणे चूक ठरवले होते. ४४ टक्के उलट मताचे होते. ऑगस्ट १९६५ मध्ये चूक म्हणणारे होते अवघे २४ टक्के. म्हणजे जनमत आधीच घसरत होते. जॉन म्युलर या अभ्यासकाला कोरिया युद्धातही मृतांचा आकडा वाढला तसा पाठिंबा उतरलेला दिसला, आणि तेव्हा तर घरोघरी टीव्हीही नव्हता!

‘क्रॉन्काईट गमावला म्हणजे सामान्य अमेरिकन गमावला’ हे तत्कालीन अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांच्या नावावरचे वाक्य तर दर वेळी वेगळ्याच शब्दांत सापडते. प्रसारणाच्या संध्याकाळी जॉन्सन टेक्सासमध्ये गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते, टीव्हीसमोर नव्हे.

प्रसारणाचा परिणाम शून्य होता असे नाही. वॉशिंग्टनमध्ये सरकारात युद्धाबाबत असलेल्या मतभेदांना त्याने वजन दिले. पण सुरुवात तिथून झाली नव्हती.