पाऊण क्विंटलचा डबा

दिवाळी झाली आणि पोरगं तालमीत आलं ते काखेत डबा मारूनच. प्रोटीनचा काळा डबा, वर सोनेरी अक्षरं. "सर, बघा की, ओरिजिनल हाय का डुप्लिकेट?" बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पोलीस भरतीची तयारी चालू, आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडं मातीत. डबा तीन हजाराचा. पैसे कुठले म्हणून विचारलं तर म्हणाला, "बापूनं सोयाबीन घातलं की मोंढ्यात."

खरं सांगायचं तर माझं लक्ष डब्याकडं नव्हतंच. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायला तीन पायऱ्या आहेत. त्या तो आडवा होऊन, एकेक पाय टेकवत उतरला. वीस वर्षांचं पोरगं पायरी अशी उतरत नसतं. पण त्यानं पायाचं नाव काढलं नाही, मीही लगेच काढलं नाही. आधी हिशोब केला, कारण तो डोक्यात बसला होता.

2025 च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. सप्टेंबरच्या पावसात भिजलेला माल, त्यामुळं बापूच्या हातात क्विंटलला चार हजार पडले. म्हणजे हा डबा पाऊण क्विंटल सोयाबीनचा. डब्यात पावडर एक किलो, तिच्यात प्रोटीन 800 ग्रॅमच्या आतबाहेर. आणि पाऊण क्विंटल सोयाबीनमध्ये? शंभर ग्रॅमला 36 ग्रॅम धरा, 27 किलो. सत्तावीस किलो विकून पाऊण किलो विकत आणलं, तेही ओरिजिनल का डुप्लिकेट हे मला विचारत. आपलं सोयाबीन मिलमध्ये जातं, तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ब्रॉयलरला जे कळलं ते आपल्याला कळायला अजून अवकाश आहे.

डबा वाईट असतो असं मी म्हणत नाही. दुधाचीच पावडर ती, पचायला सोपी. ज्याला परवडतंय त्यानं खुशाल घ्यावी. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. हा म्हणाला, "जिमवाल्या सरांनी भाकरी बंद करायला सांगितलीय. कार्ब नको म्हणले." भाकरी बंद करून दीड महिना झाला होता. सकाळी डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर, त्यावर एक स्कूप, दुपारी काकडी आणि अंडी, संध्याकाळी परत स्कूप. आई ताट वाढते आणि हा भाकरी बाजूला सारतो. अहो, पळायला जाळायचं काय मग? पोटात भाकरी नसेल तर शरीर तेच महागडं प्रोटीन चुलीत घालतं. पाऊण क्विंटल सोयाबीन नुसतं धूर होऊन गेलं!

व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन पुष्कळ झालं. हा साठ किलोचा, म्हणजे नव्वद ते एकशेपाच ग्रॅम. चार ज्वारीच्या भाकरी मिळून 25, अर्धा लिटर दुधाचे 16, दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ 20-22, मूठ-दीड मूठ शेंगदाण्याचे 12, तीन अंड्यांचे 18. बेरीज करा. हुलग्याचे शेंगोळे झाले त्या दिवशी चैनच. माळकरी असाल तर अंड्याच्या जागी सोयाबीन आहेच, फक्त कच्चं दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, उकडून किंवा खमंग भाजूनच घ्यायचं. आमच्या घरी नऊ किलो गव्हाला एक किलो भाजलेलं सोयाबीन टाकून दळतात, पोळीला कुणी नाव ठेवत नाही.

आता पाय. त्याला बाकावर बसवलं, पँट वर करायला लावली आणि नडगीवर अंगठ्यानं वरून खाली दाबत आलो. पळणाऱ्यांची नडगी दुखतेच, पण ती वीतभर अशी पसरून दुखते. ह्याचं तसं नव्हतं. घोट्याच्या वर चार बोटं, एका रुपयाएवढ्या जागी अंगठा गेला आणि पोरानं बाक धरला. "किती दिवस?" "पंधरा-वीस." रात्री झोपेतही ठणकत होतं. तरी पळणं चालू, एक गोळी खाऊन. भरतीच्या मैदानी चाचणीत, म्हणजे ग्राउंडला, पन्नासपैकी वीस मार्क सोळाशे मीटरचे, थांबून कसं चालेल?

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ह्याच वयात मी हेच केलंय.

चैत्रातली जत्रा होती, परभणीकडची. समोरच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय धरून ओढला, माझा दुसरा पाय मातीत रुतलेला, अंग फिरलं आणि गुडघा राहिला तिथंच. आतून टक् असा आवाज आला, माझा मलाच ऐकू आला. दोन तासांत गुडघा खरबुजासारखा. आवाज येणं आणि लगेच सुजणं म्हणजे आत रक्त साठतंय, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, तुटलं असण्याची शक्यता मोठी, हे आज सांगतो. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, मुका मार आहे. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं गरम तेलानं चोळलं, पाय ओढला, हळद-चुन्याचा लेप दिला. त्याचा हेतू चांगला होता, पैसेही घेतले नाहीत. अकराव्या दिवशी दुसरी जत्रा, इनाम पाच हजार. एका दवाखान्यात दुखणं मारायचं इंजेक्शन घेतलं आणि उतरलो. दुखणं मेलं होतं, गुडघा नव्हता बरा झाला. त्या दिवशी गुडघ्यातली गादीही फाटली. आज जिना चढताना बायको पुढं जाऊन माझी वाट बघते.

म्हणून आमच्या तालमीत आता काही गोष्टींवर चर्चा होत नाही. ताज्या माराला दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. आतली फुटलेली नळी अजून बंद झालेली नसते, चोळलं की आणखी रक्त साठतं. बँडेज, पाय उशीवर, विश्रांती. बर्फानं दुखणं कमी वाटतं, तेवढ्यापुरता लावा. ज्या डॉक्टरनं 1978 साली बर्फाचा सल्ला जगभर पोचवला त्या गेब मर्किननंच नंतर सांगितलं की बर्फानं बरं व्हायला उशीर लागू शकतो. आणि तीन-चार दिवसांनी महिनाभर पडूनही राहायचं नाही, सोसेल तेवढं हलवायला लागायचं. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी खेळ बंद, वस्तादाचा बाप आला तरी. कान सुजून मऊ लागला तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, नाहीतर कायमचा मोडतो. मोडका कान पैलवानाचा दागिना म्हणतात, मलाही आहे एक, मोबाईल धरायला त्रास होतो.

एक गोष्ट मात्र रागानंच लिहितो. ग्राउंडच्या आधी पोरं मेफेंटरमाईन टोचून घेतायत. भूल दिल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडला तर तो वर आणायचं औषध आहे ते. निरोगी पोराच्या हृदयावर ते चाबकासारखं चालतं. विकणारा ओळखीचाच असतो, "भैय्या, काही होत नाही" म्हणतो. होतं. आणि पाणी न पिता पेनकिलर खाऊन ऊन्हात पळणाऱ्यांनो, गोळीचा मार किडनीवर येतो एवढं ध्यानात ठेवा.

तर, पोराचा पहिला एक्स-रे साफ आला. तो नाचायलाच लागला. डॉक्टरांनी समजावलं की असल्या बारीक चिरेला दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात दिसली, केसासारखी रेघ. कारणं सगळी घरचीच: अंतर एकदम वाढवलं, डांबर, झिजलेले बूट आणि उपाशी पोट. हाडाला रोज थोडी डागडुजी लागते, तिला मालच मिळाला नाही.

पळणं बंद आहे. रोज येतो, जोर मारतो, दोर चढतो, गोळाफेकीचा हात बसवतो, सायकल हाणतो. भाकरी चालू झालीय, आईचा फोन आला होता, रडत होती का हसत होती कळलं नाही. बापूनं माझ्याशी बोलणं टाकलंय, त्याला वाटतं मी पोराची भरती घालवली.

काल म्हणाला, "सर, सहावा आठवडा लागला. आता हळूहळू पळू का?" बाकावर बसवलं, नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला. मी पायाकडं बघत नव्हतो, तोंडाकडं बघत होतो. "दुखत नाही," तो म्हणाला. पण डावा डोळा मिटला त्याचा, जरासाच.

म्हटलं, अजून आठ दिवस.