‘विश्वास कमी पडला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम.

तुम्ही रागाने लिहिलं आहे आणि तो राग मला रास्त वाटतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पंडिता रमाबाईंनी इतकी संकटं सोसूनही देवावरचा भरवसा सोडला नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता : धाकट्या बहिणीला कॅन्सर झाला, चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, कुणीतरी केमो सोडायचाही सल्ला दिला, शेवटी ती गेली. मातीहून परतल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तुमच्या आईला ऐकवलं, ‘विश्वास कमी पडला.’ त्या दिवसापासून आईंनी उपासनेला जाणं सोडलं. भरवसा ही दुःखावरची गुंगी आहे आणि रमाबाई यशस्वी झाल्या म्हणून त्यांची साक्ष सांगायला सोपी जाते, हा तुमचा आक्षेप.

आधी त्या वाक्याबद्दल. ते वाक्य ख्रिस्ती नाही. बायबलमधल्या ईयोबाची मुलं मेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली, तेव्हा त्याचे मित्र हेच तर सांगत होते, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. देवाशी कडाकडा भांडणारा ईयोब बरोबर बोलला आणि देवाची वकिली करणारे चुकले, असा तो निकाल आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा प्याला टळो अशी प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता. मागितलेलं मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी, असा हिशेब मांडायचा तर येशूचाही विश्वास कमीच ठरेल! तुमच्या घरात त्या दिवशी कुणीतरी उठून हे त्या गृहस्थांच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

आता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. आई भुकेने मरणाला टेकली होती तेव्हा तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई ओळखीच्या एका बाईंच्या दारात गेल्या. मागायची सवय नव्हती. तोंडून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहत होते. तुकडा मिळाला, धावत घरी आणला, पण आईच्या अंगात तो खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1883चा. पुढे तरी मरणाने घराची वाट सोडली का? 1921च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आईचं काम जिच्या खांद्यावर जायचं तीच. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. ख्रिस्ती झाल्यामुळे त्यांची दुःखं टळली, असं म्हणायला या आयुष्यात जागाच नाही, आणि मी तसं लिहिलेलंही नाही.

पण गुंगी? 1896-97च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा भुकेने काय होतं हे ज्यांनी अंगावर काढलं होतं त्या रमाबाई पुणं सोडून मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी घरं उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या, पुढे छापखाना चालू झाला. गुंगीत असलेल्या बाईकडून हे होईल असं तुम्हालाही वाटत नसेल.

केमो सोडायला सांगणाऱ्यांनाही आपलीच परंपरा ठाऊक नाही. ज्या मिशनऱ्यांनी आपल्याला गुडघे टेकायला शिकवलं त्यांच्यातल्याच डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेला दवाखाना उभारला. आपल्या आजी-आजोबांची पिढी प्रार्थना करायची आणि मिरजेची गाडी पकडायची.

बहीणच का, इतक्या लवकर का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते असल्यासारखं बोलणाऱ्यापासून मी लांब राहतो. बायबलमधलं 88वं स्तोत्र एकदा उघडून बघा. शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे, दिलाशाचं वाक्य नाही. तरी ते सगळं देवालाच उद्देशून आहे. भरवसा मी याला म्हणतो : तक्रार गिळून न टाकता ती त्याच्याच दारात नेणं. माझा त्याग का केलास, हे येशूनेही वधस्तंभावरून विचारलं. असा प्रश्न ज्याने स्वतः विचारला त्याच्यापुढे तुमच्या आईंना रडताना, भांडताना लाज वाटायचं कारण नाही. आपल्याकडे मातीच्या वेळी हे स्तोत्र क्वचितच वाचतात. वाचायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

माझे वडील गेले तेव्हा मंडळीतली एक म्हातारी रोज दुपारी यायची. आईजवळ जमिनीवर बसायची, भाजी निवडायची, लसूण सोलायची. देवाविषयी चकार शब्द काढायची नाही. चार-पाच दिवसांनी आई तिच्याशी बोलू लागली, आणि पहिल्यांदा बोलली ती देवाविरुद्धच. म्हातारीने ऐकून घेतलं, मुकाट्याने लसूण सोलत राहिली.

‘माझ्यासाठी प्रार्थना करतो असं लिहू नका,’ असं तुम्ही शेवटी बजावलंय. नाही लिहीत. मात्र आईंना चालणार असेल तर गाव आणि सोयीचा वार मला ईमेलवर कळवा. मी आणि माझी बायको येऊ. बायबल बरोबर आणणार नाही, विश्वासाबद्दल काही विचारणार नाही. आईंना बहिणीबद्दल बोलायचं असेल तर ते ऐकू, नसेल तर चहा घेऊन निघू.