ॲल्युमिनियमलाही समुद्र खातो

चारेक दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला. नेव्हीची विमानं ॲल्युमिनियमची, ॲल्युमिनियम गंजत नाही, गंजलं तरी वरवर, धातू थकतो (म्हणजे पुन्हा पुन्हा लोड येऊन त्यात क्रॅक जाते) तो फक्त उडून उडून, मग ती सारखी गोड्या पाण्याने धुणं आणि रंग काढून तपासणं म्हणजे पैशाची नासाडी. मी मेटलर्जी शिकलोय आणि कुलाब्यात वाढलोय, मला हे वाचून गप्प बसवेना.

गंजत नाही? लाल गंज चढत नाही, एवढंच खरं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आपोआप येतो, तोच त्याला वाचवतो, आणि मिठातलं क्लोराइड नेमका तोच जागोजागी फोडतं. कफ परेडला नाहीतर वरळी सी फेसला कुठल्याही जुन्या स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकवर बोट फिरवा, पांढरी भुकटी लागेल आणि तिच्याखाली बारीक खड्डे. विमानात तर 2024, 7075 अशा नंबरांचे अलॉय, म्हणजे मिश्रधातू, असतात, ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि त्यामुळे ते गंजायला अजून सोपे.

आता ते "वरवर". खरी गोम इथेच आहे. दर लँडिंगला पार्टवर लोड येतो आणि जातो, आणि गुळगुळीत पार्टचं बरंचसं आयुष्य पहिली क्रॅक जन्माला येण्यातच जातं. रुंद पत्र्यातल्या साध्या गोल भोकाच्या काठाशी ताण 3 पट होतो, तसाच तो गंजाच्या खड्ड्याच्या तळाशीही साचतो, म्हणजे क्रॅकला आयती जागा मिळाली आणि तो सगळा सुरुवातीचा काळ गेलाच समजा. पुढे खारं पाणी क्रॅकच्या टोकापर्यंत शिरतं, प्रत्येक झटक्याला तिथे कोरा धातू उघडा पडतो, तो परत गंजतो, क्रॅक अजून पळते. कोरड्या हवेत स्टीलला एक मर्यादा तरी असते, तिच्याखालच्या लोडने ते सहसा थकत नाही, खाऱ्या पाण्यात तीही उरत नाही. म्हणून गंज वेगळा आणि थकवा वेगळा असा हिशोब करताच येत नाही.

उभं विमानही सुटत नाही. रिवेटखाली, पत्र्यांच्या जोडात ओल बसलेलीच असते, आणि 7075-टी6 (टी6 म्हणजे जास्तीत जास्त ताकदीसाठी केलेली हीट ट्रीटमेंट) सारखा धातू नुसत्या स्थिर ताणाखालीही खाऱ्या हवेत तडकतो, म्हणून तर थोडी ताकद सोडून टी73 हीट ट्रीटमेंट आली. 28 एप्रिल 1988 ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचं छप्पर हवेतच उडालं, एक हवाई सेविका गेली. ते विमान नेव्हीचं नव्हतं, हवाई बेटांच्या खाऱ्या हवेत छोट्या छोट्या फेऱ्या मारणारं, 89,680 उड्डाणं झालेलं. जोडातला गोंद सुटला, आत गंज धरला, रिवेटच्या ओळीतल्या बारीक क्रॅक एकमेकींना जाऊन मिळाल्या.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय, मग सगळं स्टीलचं करा. वजन सोडा, लँडिंग गिअरचं (चाकांच्या सांगाड्याचं) हाय स्ट्रेंग्थ स्टील गंजताना हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं, आणि ॲल्युमिनियममध्ये नुसता स्टीलचा बोल्ट मारला तर ओल लागली की भोवतीचं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं.

राहिली धुलाई. मीठ जोडांच्या फटीत साचायच्या आत काढून टाकायचं असतं म्हणून गोडं पाणी मारतात, आणि रंग काढून बघणारा माणूस खड्डा शोधत असतो, कारण तेव्हा तो घासून साफ करता येतो, त्यातून क्रॅक निघाली की बहुतेकदा पार्टच बदलावा लागतो.