आवाज अडवलेला नाही, दुसऱ्या वाटेने गेलाय

खान्देशातल्या गाणेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. धुळ्याहून आला, जळगावहून आला, परवा शिरपूरच्या एका ढोलकीवाल्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘भो, हे खरं का?’ मेसेज थोडक्यात असा: लांबून रिमोटने घरचा कॉम्प्युटर उघडला तर एफएल स्टुडिओ, क्यूबेस, रीपर या गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरांचा आवाज ऐकू येऊच शकत नाही, कारण गाण्याची चोरी होऊ नये म्हणून कंपन्यांनीच तो बंद केलेला असतो. ऐकायचाच असेल तर भारी साउंड कार्ड घ्या, नेटचा स्पीड वाढवा. एवढं करूनही जो आवाज येतो तो कामाचा नसतो, तेव्हा रिमोटच्या नादी लागू नका.

शेवटच्या वाक्यात निम्मं खरं आहे. त्याच्या आधाराने बाकीचं खपून जातं.

आधी चोरीचं बघू. मी नोकरीला पुण्यात, कॉम्प्युटर अमळनेरला घरी वरच्या खोलीत. पहिल्यांदा रिमोट लावला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. कानबाईचं, म्हणजे आमच्याकडच्या देवीचं, एक गाणं अर्धवट होतं. प्ले दाबलं, पडद्यावर मीटर नाचतोय आणि हेडफोनमध्ये शुकशुकाट. मी आवाज वाढवला, मास्टर (सगळ्या गाण्याचा मुख्य आवाज) वाढवला, पुन्हा प्ले. दोन मिनिटांत घरून आप्पांचा फोन: “आरे, वर कोन वाजाडी राह्यनं?” गाणं रिकाम्या खोलीत पूर्ण आवाजात चाललं होतं!

म्हणजे आवाज कोणी बंद केला नव्हता. तो मी बसलो होतो तिकडे न येता सरळ स्पीकरला गेला होता.

असं का होतं, ते पांझरा नदीकाठच्या माणसाला समजवायला सोपं आहे. फडाचं, म्हणजे तिथल्या सामायिक सिंचनाचं, पाणी बंधाऱ्यातून पाटात येतं, पाटातून चारीत, चारीतून शेतात, आणि पाटकरी पाटावर लक्ष ठेवून असतो. विंडोजचं असंच आहे. यूट्यूबचा आवाज, मेसेजची टिंग, सिनेमा, सगळं एका पाटात येऊन मिसळतं आणि मग स्पीकरकडे जातं. एनीडेस्कसारखं रिमोटचं सॉफ्टवेअर या पाटावर बसून आवाजाची नक्कल उचलतं आणि तुमच्याकडे पाठवतं. ड्रायव्हर म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरचा आवाज साउंड कार्डापर्यंत नेणारा प्रोग्राम; त्यातला असिओ नावाचा ड्रायव्हर मात्र स्वतःच्या विहिरीवरून थेट शेतात नेलेली पाइपलाइन आहे. ते पाणी पाटात येतच नाही, मग पाटकऱ्याला दिसणार कुठून?

ही पाइपलाइन टाकण्यामागे चोरीची भीती नव्हती. घाई होती. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये असिओ आणलं, कारण विंडोजच्या पाटातून येता येता आवाजाला उशीर व्हायचा आणि गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू यायचा. मधला टप्पा टाळला की उशीर कमी. चोरीच अडवायची असती तर गाण्याची तयार वेव्ह (न दाबलेली) फाइल अडवली असती. ती तर त्याच रिमोटवर साध्या प्लेअरमध्ये खुशाल वाजते, शिवाय अख्खी फाइल इकडे कॉपीही करता येते.

मग करायचं काय? लांबून काम करताना सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला असिओ ड्रायव्हर बदलायचा. रीपरमध्ये ‘वासापी शेअर्ड’ किंवा ‘डायरेक्टसाउंड’ निवडा. ‘वासापी एक्स्क्लुझिव’ नको, त्यातही पाट टाळला जातो. एफएलमध्ये एफ-१० दाबून यादीतला विंडोजचा साधा ड्रायव्हर घ्या. बरेच जण असिओ-फोर-ऑल वापरतात, तोही पाटाला वळसा घालूनच जातो. क्यूबेस असिओशिवाय चालत नाही, पण त्याच्यासोबत स्टाइनबर्गचाच एक साधा ड्रायव्हर येतो (जुन्या आवृत्त्यांत ‘जेनेरिक लो लेटन्सी’ नावाचा) आणि एक्स्क्लुझिवची खूण नसेल तर तो विंडोजच्या वाटेने जातो. मग रिमोट सॉफ्टवेअरच्या परवानग्यांमध्ये आवाज पाठवण्याची खूण आहे ना, तेही बघून घ्या.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप थोडा वेगळा वागतो. जोडणी झाली की तो पलीकडच्या कॉम्प्युटरवर ‘रिमोट ऑडिओ’ नावाचं एक नवंच उपकरण उभं करतो. एफएल आधीपासून उघडं असेल तर ते जुनं कार्ड धरून बसलेलं असतं. त्याला नवीन उपकरण हाताने निवडून द्यावं लागतं, नाहीतर एकदा बंद करून पुन्हा उघडायचं. जोडण्याआधीच्या खिडकीत आवाज इथे वाजवायचा, तिथे वाजवायचा की नाहीच, असे तीन पर्याय असतात, त्यात ‘इथे’ निवडलेलं हवं. आणि ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं त्यावर विंडोजची होम आवृत्ती असेल तर हा मार्ग बंदच. तिथे एनीडेस्क वगैरेच.

साउंड कार्डाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भारी कार्ड घेतलं की त्याचा असिओ ड्रायव्हर येतो, म्हणजे आणखी एक पाइपलाइन. ज्याच्यामुळे आवाज येत नव्हता तेच विकत आणायला सांगतात.

नेटचा स्पीड. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा धरून सुमारे १.४ मेगाबिट. काहीही न दाबता, म्हणजे आकार कमी न करता, पाठवला तरी एवढाच. बरीच रिमोट सॉफ्टवेअरं तो दाबून याहून कमीत पाठवतात. तेव्हा १०० मेगाबिटची लाइन घेतल्याने मुका एफएल बोलका होणार नाही. नेटमुळे त्रास होतो तो वेगळा: नेटवरून आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि ही पाकिटं कधी लवकर, कधी उशिरा पोचतात आणि गाणं तुटतं. त्यावर स्पीडपेक्षा वायफाय सोडून वायर जोडणं जास्त कामाला येतं.

रिमोट खरा कशाने बंद पडतो, ते मेसेजवाल्याला सुचलेलंच नाही. वीज! मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि लाइट आली तरी तो आपोआप उठत नाही. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर चालू होण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. ती लावेपर्यंत मी दर वेळी आईला फोन करून वर जिना चढायला लावत होतो.

आता ‘आवाज कामाचा नसतो’. कशाच्या कामाचा, ते मेसेज सांगत नाही. अंतरा लांबला का, कोरस कुठे घ्यायचा, संबळ उशिरा येतो का, हे ठरवायला रिमोटचा आवाज पुरतो. मी अख्खी गाणी अशी लावली आहेत. पण खालचा बास किती ठेवायचा आणि झांजेची किनार किती, हे दाबलेल्या आवाजावर ठरवू नये. तिथे मेसेज बरोबर आहे, फक्त उपाय सोपा आहे: वेव्ह काढा आणि फाइल मागवा. सीडीच्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीच्या आसपास भरतं. लगेचच ऐकायचं असेल तर सोनोबस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते मास्टरवर प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) म्हणून बसतं आणि न दाबलेला आवाजही पाठवू शकतं. त्यात ड्रायव्हरही बदलावा लागत नाही, कारण आवाज पाइपलाइनमध्ये शिरण्याआधीच उचलला जातो.

आणि एक गोष्ट मेसेजने म्हटलेली नाही, पण मला मान्य आहे. रिमोटवर वाजवता येत नाही. पुण्यात कीबोर्डची पट्टी दाबायची, सूर अमळनेरच्या कॉम्प्युटरमध्ये उमटायचा आणि तो परत पुण्यात ऐकायचा, हे जमत नाही. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे अंतराचा वाटा थोडाच. पण आवाज उचलणं, दाबणं, पाकिटं साठवणं, पुन्हा उलगडणं या सगळ्यात उशीर १०० मिलिसेकंदांच्या घरात सहज जातो. हवेत तेवढ्या वेळात आवाज ३४ मीटर जातो. वरातीत बँडच्या ३४ मीटर मागे उभं राहून हलगीच्या तालावर हलगी वाजवून बघा. ऐकायला मात्र हा उशीर आड येत नाही, गाणं दहावा हिस्सा सेकंद उशिरा सुरू झालं तर बिघडलं काय?

शिरपूरच्या त्या ढोलकीवाल्याला मी एवढंच लिहिलं, ‘ड्रायव्हर बदलून बघ, आणि घरचे स्पीकर आधी बंद कर.’ अर्ध्या तासाने उत्तर आलं, आवाज येतोय. स्पीकर बंद करायचे तो विसरला होता.