खलनायक पळाला, आता बसा!

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात खलनायकाने तलवार उपसली की मला हायसं वाटतं. त्याने पाठ फिरवली की पोटात गोळा येतो. आमच्या टेबलावर मी डीएम, म्हणजे खेळाडू सोडून जगात जे जे काही आहे ते सगळं मीच: चोर मी, शिपाई मी, आडवा आलेला बैलही मीच. 1974 साली आलेला हा खेळ मुळात पटावरच्या लढायांतून जन्मला. त्यामुळे समोरासमोर उभं राहून एकमेकांना बडवायची त्यात चोख सोय आहे. पळणाऱ्यांची मात्र आबाळ.

खरं दुखणं गणिताचं आहे. माणसाचा वेग 30 फूट. झाडून सगळ्या माणसांचा! जीव खाऊन पळालं तर एका राऊंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होते त्या सहा सेकंदांत, 60. हिशेब केला तर ताशी 11 किलोमीटर भरतात. एवढ्यावर आमच्या कॉलनीतले काका सकाळी राजकारणावर बोलत पळतात. चोर 60 फूट गेला, त्याच्यामागे तुम्ही 60 गेलात, की पुन्हा चोर 60. अंतर जिथल्या तिथे. त्यात आमच्यातल्या ड्वार्फचा, म्हणजे बुटक्याचा, वेग 25. तो दर राऊंडला 10 फूट मागे पडतो आणि दर राऊंडला विचारतो, “अरे, मला अजून दिसतोय का तो?”

यावर 2014च्या डीएमच्या पुस्तकात उपाय दिलेत. तीनदा, अधिक तुमच्या तब्येतीचा जो काही बोनस असेल तितक्यांदा फुकट धावा. पुढे प्रत्येक वेळी फासा टाका, 10 च्या खाली गेलात की दमलात. ऐकायला सोपं. पण कोण किती वेळा धावलं हे कुणी लिहून ठेवत नाही आणि प्रत्येकाचं उत्तर “दोनदाच” असतं.

दुसरा उपाय अडथळ्यांचा. आपला टर्न संपला की वीस बाजूंचा फासा टाकायचा; 10 किंवा कमी आले तर अडथळा. गंमत अशी, की तो अडथळा फासा टाकणाऱ्याला नडत नाही, त्याच्यानंतर ज्याचा नंबर आहे त्याला नडतो. मैत्री तोडायला याहून सुटसुटीत नियम मी पाहिला नाही. “तुझ्यामुळे मी कुत्र्यांत शिरलो” हे वाक्य आमच्याकडे खेळ संपल्यावर, पार्किंगमध्येसुद्धा ऐकू येतं.

अडथळ्यांच्या यादीत एक भिकारी आहे. तो वाट अडवतो. त्याला धमकावा, धक्का मारा, चुकवून जा, नाहीतर सरळ एक नाणं टाका आणि पुढे व्हा. नाणं टाकलं तर फासासुद्धा टाकावा लागत नाही. आमची जादूगार एरवी सीए आहे. तिने विचारलं, “नाणं तांब्याचं चालेल ना?” चालेल म्हटलं. तिच्याकडे तांब्याचं नव्हतं. मग सोन्याचं मोडून देणारं कुणी आसपास आहे का, याची चौकशी झाली. धनुर्धराकडे सुट्टे होते, पण तो 40 फूट पुढे. शेवटी तिने भिकाऱ्याकडेच सुट्टे मागितले, आणि भिकारी मीच असल्याने मला ते मोजून द्यावे लागले. चोर तेवढा वेळ बिचारा कोपऱ्यावर थांबून होता. त्याचा टर्न यायचा होता.

‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ या दुसऱ्या एका खेळात पाठलागासाठी पत्ते वापरतात, म्हणून एकदा तेही करून पाहिलं. पत्ते मांडलेले दिसताच बाबा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मलाही वाटा.” तो पाठलाग रमीवर संपला. माझ्या मते तोच सर्वांत वेगवान झाला.

पुढच्या कथेतल्या खलनायकाला मी संधिवात दिलाय. बसल्या जागी धमक्या देईल, पाहिजे तेवढ्या देईल, पण उठणार नाही. खेळाडूंना हे ठाऊक नाही. त्यांनी गेल्या खेपेला सगळी लूट विकून घोडे घेतले. एकेक घोडा सोन्याच्या 75 नाण्यांना, वेग 60 फूट. सीएबाईंनी घासाघीस करून पावतीही मागितली. काल ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: ‘घोड्यांचे अडथळे वेगळे काढायचे, की आमच्यातच धरायचे?’ खाली ड्वार्फचा: ‘माझे पाय रिकिबीला पोचतात का?’