वजाबाकी झाली, भागाकार झाला; पण वेग कशाचा आणि कधीचा?

परीक्षा जवळ आली की एक शॉर्टकट हमखास फिरू लागतो: “संहतीचा (दर लिटरमध्ये पदार्थ किती, याचा) तक्ता दिला की कुठलाही पदार्थ घ्या, शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करा, वेळेने भागा. ऋण आलं तर चिन्ह पुसा. झाला अभिक्रियेचा वेग.”

डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनावर हे लावून पाहू. त्याच्या २ मोलांपासून (मोल हे पदार्थ मोजायचं एकक) नायट्रोजन डायऑक्साइडचे ४ आणि ऑक्सिजनचा १ मोल मिळतो. समजा, बंद भांड्यात त्याची संहती ०, २०, ४० आणि ६० मिनिटांना अनुक्रमे ०.०८०, ०.०४०, ०.०२० आणि ०.०१० मोल प्रति लिटर भरली.

“कुठलाही पदार्थ घ्या.” पहिल्या २० मिनिटांत पेंटॉक्साइड दर मिनिटाला ०.००२० मोल प्रति लिटर घटतो, नायट्रोजन डायऑक्साइड ०.००४० वाढतो, ऑक्सिजन ०.००१०. अभिक्रिया एक, उत्तरं तीन! प्रत्येक उत्तराला समीकरणातल्या सहगुणकाने (इथे २, ४, १) भागलं की तिन्हीकडे ०.००१० येतं. अभिक्रियेचा सरासरी वेग तो. प्रश्नात एका पदार्थाच्याच घटण्याचा वेग विचारला असेल, तर मात्र भागू नका.

“चिन्ह पुसा.” अभिक्रियाकारक घटतो म्हणून सूत्रातच आधी ऋण चिन्ह असतं, पुसायचं काही उरत नाही. उत्पादिताचं, म्हणजे तयार होणाऱ्या पदार्थाचं, उत्तर ऋण आलं, तर बहुधा तक्ता उलटा वाचलाय. चिन्ह पुसलंत की ती चूकही झाकली जाते.

“पहिला आणि शेवटचा आकडा पुरे.” खरा घोळ इथे आहे. पूर्ण ६० मिनिटांत पेंटॉक्साइड घटण्याचा सरासरी वेग ०.००१२ येतो. गणित बरोबर, पण ही प्रथम कोटीची अभिक्रिया, म्हणजे संहती घटते त्याच प्रमाणात वेगही घटतो. सुरुवातीचा तात्क्षणिक (त्या क्षणाचा) वेग ०.००२८ आणि ६०व्या मिनिटाचा जेमतेम ०.०००३५. आठपट फरक एका आकड्यात गडप! म्हणून सरासरी वेगासोबत कालांतर लिहावंच लागतं. शून्य कोटीच्या अभिक्रियेत वेग स्थिर असतो, तिथे हा शॉर्टकट चालून जातो.

यावर काहींचा तोडगा: तुकड्यांचे वेग काढून त्यांची सरासरी घ्या. तुकडे समान असतील तर ठीक. पण ०–२० आणि २०–६० असे घेतले, तर ०.००२० आणि ०.०००७५ यांची सरासरी ०.००१४ येते, ०.००१२ नाही.

मग तुकडे बारीक करत जावं? काही प्रमाणात, हो. पहिल्या २० मिनिटांची सरासरीही १०व्या मिनिटाच्या तात्क्षणिक वेगाला जवळजवळ चिकटून आहे. पण एकेका मिनिटाचा तुकडा घेतला, तर सुरुवातीला संहती ०.००२७ नेच घटते, मोजमापात ०.००१ इकडेतिकडे झालं तरी वजाबाकीवरचा भरवसा उडतो. अशा वेळी सगळ्या बिंदूंमधून वक्र काढून स्पर्शिकेचा (वक्राला हव्या त्या क्षणी टेकणाऱ्या रेषेचा) उतार घेणं बरं.