गोवा सिक्कीमच्या पुढे आहे

यूपीएससीची प्रिलिम मी दोनदा दिली, टाइमटेबलं मात्र सतरा केली. सतरावं दिल्लीत राहून पास झालेल्या एका मुलाच्या व्हिडिओवरून उतरवलेलं: पहाटे पाचला उठणे, सहा ते नऊ राज्यघटना, दहा ते एक इतिहास, दोन ते पाच सीसॅट म्हणजे प्रिलिमचा दुपारचा पेपर, रात्री चालू घडामोडी. जेवायला पंधरा मिनिटं. तीन रंगांच्या स्केचपेननी लिहून ते भिंतीवर लावलं. आईने चष्मा लावून सगळं वाचलं.

"आणि झोपायचं कधी?"

"अकराला."

"रात्रीचं नाही रे विचारत."

तो मुलगा आमच्या गोव्यातल्या फोंड्यात राहिला असता तर त्याने तो व्हिडिओ केलाच नसता. आमच्याकडे पहाट चांगली जाते. सहाच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा पों पों करत येतो, तोवर मी खरंच टेबलाशी बसलेला असतो. मग उंडे, म्हणजे इथले पाव, घ्यायला मीच जातो, कारण मी घरीच असतो. या वाक्याने माझे दोन अटेम्प्ट खाल्ले. वीजबिल कोण भरणार? तो घरीच असतो. नारळ पाडायला माणूस आलाय, खाली कोण उभा राहणार? तो आहे ना घरी. नोकरी करणाऱ्या माणसाला 'वेळ आहे का' असं विचारतात तरी.

त्यात प्रिलिम मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये आणि पुण्याचे मामा मेमध्ये. मामांना मंगेशी दाखव, कवळ्याची शांतादुर्गा दाखव, जुनं गोवं दाखव. "तुझाही इतिहास होईल," मामा गाडीत बसता बसता म्हणाले. मीही मनावर घेतलं. बॉम जेझूस चर्चमध्ये उभा राहून १५१० साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कपासून सुरुवात केली आणि इथल्या चर्चांना १९८६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला इथपर्यंत आलो. मागे वळून बघतो तर मामा बाहेर सरबत पीत होते. एक जर्मन जोडपं मात्र शेवटपर्यंत ऐकत होतं. मराठीत.

म्हणजे उरली दुपार. एक-दीडला बाजाराची शटरं खाली येतात ती चारपर्यंत वर जात नाहीत. घरात पंख्याशिवाय आवाज नाही, मामासुद्धा घोरतात. कुणी काही सांगत नाही, मागत नाही. अभ्यासाला याहून चांगली वेळ देशात कुठे नसेल. अडचण एवढीच की मीही इथलाच. हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, पोटात गेला की माझ्या पापण्यांवर कोणीतरी पाटा ठेवतं.

जागं राहायला मी कलम ३७१ म्हणत खोलीत फेऱ्या मारायचो. राज्यांसाठीच्या विशेष तरतुदी ओळीने आहेत: ए नागालँड, बी आसाम, सी मणिपूर, डी आंध्र. ई मी सोडून देतो. एफ सिक्कीम. सिक्कीमला पोचेपर्यंत मी खाटेवर बसलेला असे आणि तिथेच डोळा लागे. मिझोराम आणि अरुणाचल ओलांडून आय वर गोवा आहे, पण स्वतःच्या राज्यात मी जागेपणी कधी पोचलोच नाही. मामांनी नेमकं जेवताना विचारलं, "गोव्याबद्दल घटनेत खास काय आहे रे?" मी सिक्कीमची माहिती दिली. मामांनी खुशाल मान डोलावली.

मग कळलं की मेंदूला परीक्षेच्या वेळेची सवय लावावी लागते. सीसॅट अडीच ते साडेचार. ही वेळ ठरवणाऱ्याचं आजोळ गोव्यात नसणार. ऐंशी प्रश्न, दोनशे गुण, लागतात फक्त तेहतीस टक्के. "क्वालिफाइंग तर आहे," असं म्हणतात आणि तिथेच भलेभले आपटतात. म्हणून घड्याळ लावून घरी पेपर सोडवायला बसलो, पाय गार पाण्याच्या बादलीत. जागा झालो तेव्हा पाय कोरडे होते. अबोलीला पाणी हवं म्हणून आई बादली घेऊन गेली होती.

परीक्षा पणजीत. सकाळचा पेपर बरा गेला. दोन पर्याय उरले तिथे मन घट्ट केलं, कारण तीन चुकले की एका बरोबर उत्तराचे दोन गुण जातात. मधल्या वेळेत डबा उघडला. फक्त चपाती-भाजी दे असं आईला बजावलं होतं. वर चपात्या होत्या, खाली भात आणि सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण. टाकून कसं देणार?

अडीचला पेपर हातात आला. पहिला उतारा हवामान, शेती की बँका, कशावर होता कोण जाणे. चार वेळा वाचला, दर वेळी नवा वाटला. वर पंखा, बाहेर मेचा उकाडा, दाराशी खुर्चीत बसलेले पर्यवेक्षक हनुवटी छातीला लावून. त्यांचं बघून मला फार आपलेपणा वाटला. एफ सिक्कीम.

उठवलं शेजारच्या मुलीच्या खोकल्याने. तीन पस्तीस.

बाहेर आल्यावर आईला फोन लावला. पेपर कसा गेला हे तिने नंतर विचारलं.

"दुपारी जरा पडायला मिळालं का रे?"

"मिळालं," मी म्हणालो. "अर्धा-पाऊण तास."

"मग बरं."